नसते उद्योग म्हणणाऱ्या काका लोकांना, इंग्लंडमधल्या डर्बीहून

फॅमिली ग्रुपवर आठवडाभर एकच विषय चाललाय. भाचा कॉलेजच्या बाहा टीममध्ये आहे (विद्यार्थी खडबडीत रस्त्यावरची गाडी स्वतः बांधून स्पर्धेत उतरवतात, ती), त्याने लिहिलं की पास झाल्यावर स्वतःची गाडी बांधायचीय, पार चासी म्हणजे सांगाडा वेल्ड करण्यापासून. झालं, काका लोक सुरू. नसते उद्योग, प्लेसमेंटकडे बघ, गॅरेजच टाकायचं होतं तर एवढी फी कशाला भरली. एकांनी तर सांगलीकडच्या देवराष्ट्र्याच्या त्या कारागिराचं उदाहरण दिलं, ज्याने भंगारातून किक मारून सुरू होणारी गाडी केली होती, की बघ, त्यालाही 2022 मध्ये ती देऊन बोलेरोच घ्यावी लागली ना.

अहो पण बोलेरो बनते कुठे? आपल्याच नाशकात ना! सातपूर-अंबडच्या कारखान्यांतल्या लेथवर अख्खं शहर उभं राहिलं आणि आपल्याच घरात पोराच्या हाताला ग्रीस लागलं की पोरगं वाया गेलं?

मी इथे माझदाच्या जुन्या एमएक्स-फाइव्ह स्पोर्ट्सकारचं इंजिन, गिअरबॉक्स, वायरिंग काढून लोटस सेव्हन या जुन्या उघड्या स्पोर्ट्सकारच्या धर्तीवर टू-सीटर बांधली. शेजारचे रिटायर्ड आजोबा रविवारी चहा घेऊन यायचे, स्पॅनर धरायचे, यातून मिळणार काय असं एकदाही विचारलं नाही. नको त्या वायरी शोधून लूम, म्हणजे वायरींचा जुडगा, बारीक करण्यातच एक हिवाळा गेला, आणि त्या हिवाळ्याने मला बदललं, पूर्वी घरात काही बंद पडलं की मी आधी नवऱ्याकडे बघायचे, आता मल्टिमीटर काढते. ऑफिसातही कळलं नाही तर सरळ विचारते, लाज वाटत नाही.

आणि इथे काय वाट्टेल ते चालतं असं नाही हं. आयव्हीएला, म्हणजे घरी बांधलेली एकेक गाडी रस्त्यावर आणण्याआधीच्या इथल्या सरकारी तपासणीला, इन्स्पेक्टर बाहेरच्या कडा तपासतो, जिथे हात लागेल तिथे 2.5 मिमीची गोलाई नसेल तर नापास, आवाज 99 डेसिबलच्या वर गेला तर नापास. पण पास झालं की नंबर मिळतो. आपल्याकडे घरी एकच गाडी बांधणाऱ्याला असा सरळ रस्ता नाही, तयार गाडीत बदल करायचा तरी मोटार वाहन कायद्याचं कलम 52 आडवं येतं, 2019 मध्ये सुप्रीम कोर्टानेही तेच धरलं. काकांनी हे म्हटलं असतं तर मी ऐकलं असतं. पण त्यांचा आक्षेप कायद्याला नाहीच, काळ्या हातांना आहे.

बाबा सातपूरला टूलरूममध्ये होते. नखांतला काळेपणा दाखवून म्हणायचे, शिक, म्हणजे तुझे हात असे होणार नाहीत. मी शिकले, लांब आले, आणि आता शनिवारी माझी नखं तशीच असतात तेव्हाच मला सगळ्यात जास्त घरच्यासारखं वाटतं, तेही या परक्या गावात. हे बाबांच्या शेजारी उभं राहून शिकायला हवं होतं असं फार वाटतं, पण मुलीला तिथे नेणार कोण होतं.

दादाला सांगितलंय, बाबांचा आटे पाडायचा टॅप-डायचा सेट भाच्याला दे. वेल्डिंग मशीनचे पैसे मी पाठवते, आणि नंबर मिळेपर्यंत त्याने ती गाडी शेतातच चालवायची, रस्त्यावर अजिबात नाही.