साइड पोस्टिंग नाही हो, फुलबॅक केलाय त्याला

गेल्या शनिवारी विस्कॉन्सिनमधल्या एका छोट्या कॉलेजच्या मैदानावर, अंगावर चार थर चढवून, गारठलेल्या अॅल्युमिनियमच्या बाकड्यावर तीन तास बसून आलो. फुटबॉल बघायला. (अमेरिकेतला फुटबॉल, लांबुळक्या चेंडूचा. मेस्सीवाल्यांनी इथूनच परत फिरावं.) मित्राचा मुलगा खेळतो तिथे. आईवडील सांगलीचे, पोरगा इथेच जन्मलेला, वय १९, वजन १०५ किलो. शाळेपासून लाइनबॅकर, म्हणजे बचावाच्या मधल्या फळीत उभं राहून समोरून येईल त्याला आडवं करणारा. एप्रिलच्या सरावात कोचने बोलावून सांगितलं, उद्यापासून तू फुलबॅक.

मित्राचा त्याच रात्री फोन. "पोराला साइड पोस्टिंग दिलं रे." जन्मभर सरकारी नोकरी केलेल्या बापाचा मुलगा तो, त्याला दुसरा शब्द सुचणार तरी कुठून! वहिनींची शंका जास्त रास्त होती. "भाऊजी, म्हणजे आता बॉल त्याच्याकडे येणार ना?" पोरगा पोहे खाता खाता म्हणाला, "आई, बॉल माझ्या मागे असतो."

ज्यांनी हा खेळ पाहिलेला नाही त्यांच्यासाठी थोडक्यात. क्वार्टरबॅक म्हणजे चेंडू हातात घेऊन चाल सुरू करणारा. त्याच्या मागे फुलबॅक, त्याच्याही मागे टेलबॅक. चेंडू बहुतेक वेळा टेलबॅकला मिळतो. फुलबॅक त्याच्यापुढे फटीत घुसतो आणि समोरच्या लाइनबॅकरला जाऊन भिडतो. तो भिडला तर मागच्याला वाट मिळते. नाही भिडला तर मागचा जागेवर चेचला जातो आणि शिव्या दोघांना बसतात.

मी मंचरकडचा. आमच्याकडे घाटात बैलगाडा पळतो तेव्हा पुढे घोडी असते. घड्याळ गाड्याचं लावतात, गुलाल बैलांवर पडतो. घोडी कुणाची होती हे संध्याकाळपर्यंत कुणाला आठवत नाही. फुलबॅकचं तसंच. घोडीला निदान कुणाला धडकावं लागत नाही.

तर माझं म्हणणं असं, की या पोराला जितका वाव फुलबॅक म्हणून आहे तितका लाइनबॅकर म्हणून कधीच नव्हता. मित्राचं मन राखायला म्हणत नाही. लाइनबॅकर म्हणून तो त्याच्या जागेसाठीच्या यादीत तिसरा होता. समोर चपळ रिसीव्हर (चेंडू झेलायला पळणारा) आला की आडवं धावायला त्याचे पाय कमी पडायचे, हे दोन वर्षं आम्ही सगळे बघत होतो आणि बोलत नव्हतो. सरळ सहा-सात पावलांत मात्र तो भयंकर आहे. फुलबॅकला लागतात तेवढीच पावलं.

आणि फुलबॅक जन्मतः कुणी नसतोच. कॉलेजं या जागेसाठी शिष्यवृत्त्या फारशा खर्च करत नाहीत, त्यामुळे इथे येणारे बहुतेक दुसऱ्या घरचे. आमच्या विस्कॉन्सिनचंच उदाहरण घ्या. पेवॉकी गावचे वॉट बंधू. मधला डेरेक मॅडिसनला विस्कॉन्सिन विद्यापीठात आला तो लाइनबॅकर म्हणून, त्याला फुलबॅक केलं. २०१४ साली तिथल्याच मेल्विन गॉर्डनने धावून २,५८७ यार्ड काढले आणि कॉलेजातला सर्वोत्तम खेळाडू ठरवणाऱ्या हाइझमन करंडकाच्या मतदानात दुसरा आला, त्या मोसमात त्याच्यापुढे वाट काढणाऱ्यांत हा डेरेक होता. २०१६ला एनएफएल या व्यावसायिक लीगच्या नव्या खेळाडूंच्या निवडीत चार्जर्स संघाने त्याला सहाव्या फेरीत घेतलं. गंमत म्हणजे थोरला जे. जे. आणि धाकटा टी. जे. दोघेही आधी टाइट एंड (फळीच्या टोकाला उभा राहून अडवणारा आणि झेलणाराही) होते आणि जागा बदलून बचावात गेले. तिन्ही भावांची बदली झाली, तिघेही एनएफएल खेळले. मित्राला हे सांगितलं तर म्हणे, "ते वॉट आहेत, आपण आपण आहोत." हे मात्र खरं.

अॅलेक इंगोल्डचं बघा. ग्रीन बेचा, शाळेत क्वार्टरबॅक. मॅडिसनला आल्यावर आधी बचावात, मग रनिंग बॅक (चेंडू घेऊन धावणारा), शेवटी फुलबॅक. २०१९च्या निवडीत त्याला कुणीच घेतलं नाही, तरी एनएफएलच्या रेडर्स संघाकडे टिकला, पुढे मायामीच्या संघाकडे गेला. पॅट्रिक रिकार्ड तर मेन राज्याच्या विद्यापीठात बचावाच्या पहिल्या फळीतला धिप्पाड गडी. त्याचीही निवड झाली नाही. २०१९ला त्याच्या रेव्हन्स संघाने धावून ३,२९६ यार्ड काढत एनएफएलचा विक्रम केला तेव्हा हा १३५-१४० किलोचा माणूस क्वार्टरबॅक लामार जॅक्सनच्या पुढे वाट काढत होता.

म्हणून सगळं गोडच असतं असं नाही. मिशिगन विद्यापीठाच्या बेन मेसनने २०१८मध्ये फुलबॅक म्हणून ३३ वेळा चेंडू घेऊन ७ टचडाउन केले, म्हणजे सात वेळा चेंडू शेवटच्या रेषेपार नेला. एवढं झाल्यावर पुढच्या वर्षी त्याला उचलून बचावात टाकलं! ते जमलं नाही, परत फुलबॅक. २०२१ला रेव्हन्सनी पाचव्या फेरीत घेतलाही, पण तिथे रिकार्ड बसलेला. अंतिम संघात जागा मिळाली नाही.

मला खरी काळजी त्याची नाही, कोच बदलण्याची आहे. फुलबॅक हा कोचच्या वहीवर, म्हणजे त्यात लिहिलेल्या चालींवर, जगतो. बहुतेक संघ आता तीन रिसीव्हर आणि एकच बॅक घेऊन खेळतात, मग फुलबॅकला जागाच उरत नाही. फुलबॅकचं माहेर असलेल्या मॅडिसनमध्येसुद्धा २०२३ला मुख्य कोच म्हणून ल्यूक फिकेल आले, सोबत फिल लाँगोंची चेंडू फेकाफेकीची पद्धत आली आणि जुनी मंडळी हळहळत बसली. २०२४च्या नोव्हेंबरात लाँगोंना नारळ मिळाला, पण तोवर जी पोरं फुलबॅक व्हायला आली होती त्यांची वर्षं कुणी परत देणार होतं का?

आता शनिवारचं. तिसऱ्या डाउनला, म्हणजे तिसऱ्या प्रयत्नाला, एक यार्ड हवा होता. पोरगा वाकून उभा. स्नॅप झाला (चेंडू मागे दिला गेला), तो गार्डच्या, म्हणजे आपल्याच पहिल्या फळीतल्या अडवणाऱ्याच्या, मागून फटीत शिरला आणि लाइनबॅकरच्या छातीखाली खांदा घालून त्याला अक्षरशः दोन पावलं मागे नेलं. वर बाकड्यापर्यंत खट्ट आवाज आला. टेलबॅक नऊ यार्ड गेला, लोक टेलबॅकच्या नावाने ओरडले. पुढच्या वेळी चेंडू आमच्याकडे आला तेव्हा हाच पठ्ठ्या उंच राहिला, छाती उघडी टाकली आणि समोरच्याने त्याला उभाच्या उभा थोपवला. टेलबॅक त्याच्या पाठीवर आदळला. मित्र माझ्याकडे बघत नव्हता, मी त्याच्याकडे बघत नव्हतो.

रात्री जेवताना मी विचारलं, पहिल्या वेळी काय बरोबर झालं? त्याने ताटातली वाटी सरकवली. "काका, हा गार्ड." लिंबाची फोड ठेवली. "हा लाइनबॅकर. तो गार्डची पावलं बघतो. मी पण सात वर्षं तेच बघत होतो ना. गार्ड हलला की तो कुठला खांदा पुढे करणार ते मला आधीच कळतं." मग लिंबू बोटाने उडवून दिलं. वहिनी म्हणाल्या, ताट स्वच्छ ठेव. मला मात्र घास घ्यायचं सुचेना. ज्याला अडवायचं त्याच्या डोक्यात सात वर्षं राहून आलेला फुलबॅक कुठल्या कोचला नको असेल?

एनएफएल वगैरे विसरा. हे डिव्हिजन थ्री, म्हणजे कॉलेज खेळाचा तिसरा स्तर आहे, इथे खेळाची शिष्यवृत्तीसुद्धा नसते, पोरं फी भरून हाडं मोडून घेतात. पण उरलेली दोन वर्षं पहिल्या संघात खेळायचं असेल तर त्याने दोन गोष्टी कराव्यात असं माझं मत. एक, हात. हार्वर्डहून आलेल्या फुलबॅक काइल युशचेकला एनएफएलच्या फोर्टीनाइनर्स संघाने २०१७ला चार वर्षांसाठी २.१ कोटी डॉलरचा करार दिला, तो नुसता धडका मारतो म्हणून नाही. २०२०च्या फेब्रुवारीत सुपर बोलमध्ये, म्हणजे एनएफएलच्या अंतिम सामन्यात, त्याने झेलून टचडाउन केला. आमच्या पोराने शनिवारी एक झेल घेतला, चार यार्ड, आणि एक सोपा सोडला. दुसरं, किकऑफच्या (चेंडू लाथेने मारून खेळ सुरू करण्याच्या) तुकडीत नाव घालावं. कोचची वही बदलली तरी किकऑफ राहतोच.

वहिनींना डोक्याच्या माराची भीती वाटते. त्यावर माझ्याकडे उत्तर नाही. हेल्मेट घरी आलं तेव्हा त्यावर समोरच्या संघाच्या हेल्मेटचा लाल रंग ओरखड्या-ओरखड्यांनी उतरला होता. वहिनी थिनरचा बोळा घेऊन पुसायला बसल्या, तर पोरगा बाथरूममधून ओला तसाच धावत आला. "आई, नको! ते राहू दे!"

या शनिवारी दुपारी एकला सामना आहे. गाडीत एक जागा आहे, मॅडिसनकरांपैकी कुणाला यायचं असेल तर सांगा. थालीपीठं आमच्याकडून, घोंगडी आपापली.