बाळासो ऊर्फ बालासो ऊर्फ बाळू

लेकीला सीईटीत बरे मार्क पडले, पुण्याच्या एका इंजिनिअरिंग कॉलेजात नंबर लागला, आणि गिरणीवर दळण घेऊन आलेल्या निम्म्या गावानं मला एकच वाक्य ऐकवलं, "तुला काय बाबा, पोरींना आता फुकटच हाय!"

खोटं नव्हतं ते. २०२४ च्या जुलैतच तसा शासन निर्णय निघाला होता. घरचं वर्षाचं उत्पन्न आठ लाखांच्या आत आणि प्रवेश कॅप राउंडमधून, म्हणजे सरकारच्या केंद्रीय प्रवेश फेरीतून झालेला असेल, तर व्यावसायिक अभ्यासक्रमाला मुलींचं शिक्षण शुल्क आणि परीक्षा शुल्क पूर्ण माफ. कॉलेजच्या फीच्या कागदावर मात्र शिक्षण शुल्काच्या खालीच 'विकास शुल्क' अशी आणखी एक ओळ होती. ती माफीत बसत नव्हती. म्हणजे शिक्षण सरकार करणार, विकास ज्याचा त्यानं करून घ्यायचा. तरी व्यवहार फायद्याचाच होता. आणि उत्पन्नाचं म्हणाल तर एक पिठाची गिरणी आणि पन्नास गुंठे ऊस. आठ लाखांची रेघ ओलांडायची धास्ती आमच्या घराण्यात कुणालाच कधी वाटलेली नाही.

मला वाटलं, आपली परिस्थिती सगळ्या गावाला माहीत आहे, सरकारला सांगायला कितीसा वेळ लागतोय? सकाळी जाऊ, दुपारच्या दळणाला परत येऊ.

सेतू केंद्रातल्या पोरानं माझे कागद घेतले आणि रमीचे पत्ते लावावेत तसे टेबलावर एकाशेजारी एक लावले. थोडा वेळ बघत बसला. मग म्हणाला, "काका, ह्यातले तुम्ही कोणते?"

तोवर मला कधी हा प्रश्न पडलाच नव्हता.

झालं होतं असं, की आज्जीनं मला बाळ्या म्हटलं. शाळेत नाव घालताना गुरुजी म्हणाले, "बाळ्या काय, जरा देवाधर्माचं असू द्या," आणि त्यांनी 'बाळकृष्ण' लिहिलं. वडील गेल्यावर सातबाऱ्याला वारसनोंद झाली, तिथं मी 'बाळासो' झालो. आमच्याकडं सबंध 'साहेब' लिहायचा कंटाळा. आप्पासो, दादासो, तात्यासो. कोल्हापूर-सातारा पट्ट्यातली निम्मी पुरुषमंडळी 'सो'वर संपतात. रेशनकार्ड करणाऱ्यानं घाईत 'बाळू' लिहून टाकलं. मतदार यादीत मी 'बाळासाहेब' आहे, कारण त्या वर्षी मी ग्रामपंचायतीला उभा राहायच्या बेतात होतो. आणि आधारकार्डाच्या वेळी माझं नाव आधी इंग्रजीत लिहिलं गेलं, मग मशीननं ते आपलं आपण मराठीत आणलं, तर झालं 'बालासो'. माझा 'ळ' इंग्रजीत गेला तो परत आलाच नाही.

लेकीच्या दहावीच्या सर्टिफिकेटावर मधलं नाव बाळासाहेब, आधारावर बालासो. सेतूतल्या पोराच्या हिशेबानं एका मुलीला दोन बाप आणि त्या दोघांपैकी एकाच्याही नावावर गुंठाभर जमीन नाही. जमीन तिसऱ्याचीच.

"प्रतिज्ञापत्र करून आणा," पोरगं म्हणालं. "ह्या सगळ्या नावाची व्यक्ती एकच आहे म्हणून. पण त्याच्या आधी तलाठ्याकडनं उत्पन्नाचं बघून या."

तलाठी भाऊसाहेबांनी शांतपणे विचारलं, "गिरणीचं महिन्याला काय सुटतं?"

मी लाइटबिल, पट्टा, जात्याची टाकी असला सगळा खर्च वजा करत आकडा सांगायच्या तयारीत होतो, एवढ्यात कोपऱ्यातल्या खुर्चीवर बसलेला माणूस हसला. तो कोण होता? तर आमच्या पुतण्याची सोयरीक जमवणारा मध्यस्थ. गेल्या दिवाळीत पाव्हण्यांपुढं मी त्याच्याच तोंडून वदवून घेतलं होतं, 'गिरणी काय गिरणी म्हणू नका, टाकसाळ हाय!' आता त्याच माणसाची साक्ष घ्यायची होती, की ह्या टाकसाळीत घर चालवण्यापुरतंच पीठ पडतं. त्यानं सही केली, पण करताना माझ्याकडं असं बघितलं, की पुढच्या सोयरिकीला मी त्याला बोलवायचं नाही एवढं मला कळलं. खरं सांगायचं तर आमच्याकडं प्रत्येक माणसाची दोन उत्पन्नं असतात, एक लग्नाचं आणि एक दाखल्याचं. खरं काय असतं ते फक्त बायकोला ठाऊक असतं.

बायकोचं म्हणाल तर त्याच दिवसांत तिचंही काम सेतूत चाललं होतं. लाडकी बहीण योजनेचे फॉर्म सुटले होते आणि तालुक्यातल्या झाडून सगळ्या बहिणी त्या दहा बाय दहाच्या गाळ्यापुढं उभ्या होत्या. मला वाटलं, हिचंही माझ्यासारखंच होणार. पण केशरी रेशनकार्ड असलं की त्या योजनेला उत्पन्नाचा दाखलाच लागत नव्हता. ही दुसऱ्या चकरेला मोकळी झाली, आणि राखी पौर्णिमेच्या आधी तिच्या खात्यात जुलै-ऑगस्टचे मिळून तीन हजार जमासुद्धा झाले. तोवर मी अजून कागदोपत्री पाच माणसंच होतो.

"तुमचं एवढं कसं ओ अडतंय?" ती म्हणाली. "मला बघा. माहेरची सुमन. लग्नात तुम्ही तांदळात अंगठीनं सुनंदा लिहिलं. कुणी स्टँप आणला हुता का तवा?"

ह्यावर मला काही सुचलं नाही. प्रतिज्ञापत्राला पैसे तिनंच दिले, त्या तीन हजारांतले. सरकारनं बहिणीला दिलेले पैसे अशा रीतीनं भाचीच्या कामी आले. मधल्या मेहुण्याची किंमत शून्य.

तहसील कचेरीच्या आवारात लिंबाच्या झाडाखाली टायपिंगवाले बसतात. मी शंभराचा स्टँप घेतला. (शैक्षणिक दाखल्यांच्या असल्या प्रतिज्ञापत्राला स्टँप लागतच नाही, हे मला पुढं कधीतरी कळलं. पण त्या लिंबाखाली कोऱ्या कागदावर खरं बोलणाऱ्यावर कुणाचा विश्वास बसत नाही. पुढं ऑक्टोबरात स्टँप शंभराचा पाचशेला गेला, तेव्हा आपलं शंभरातच भागलं म्हणून मी उगीच खूश झालो.) टायपिंगवाला बोटं मोडत म्हणाला, "बोला, काय काय नावं?" मी सांगत गेलो, तो 'ऊर्फ' घालत गेला. बाळकृष्ण ऊर्फ बाळासाहेब ऊर्फ बाळासो ऊर्फ बालासो ऊर्फ बाळू. शेवटी त्यानं मान वर करून बघितलं. इतके ऊर्फ त्यानं त्याआधी फक्त फरारी आरोपींच्या नावात टाईप केले असणार.

मग व्हरांड्यात नंबर लागायची वाट बघत बाकड्यावर बसलो. लेक शेजारी मोबाईलवर महाडीबीटीचा, म्हणजे सरकारी शिष्यवृत्त्यांच्या पोर्टलावरचा अर्ज वाचत होती. कुठल्या योजनेत आपण बसतो ते बघत होती. राजर्षी छत्रपती शाहू महाराज शिक्षण शुल्क शिष्यवृत्ती. डॉक्टर पंजाबराव देशमुख वसतिगृह निर्वाह भत्ता. मध्येच ती थांबली.

"पप्पा, शाहू महाराजांचं मूळ नाव यशवंतराव ना? कागलचे घाटगे?"

"हां. १८८४ ला कोल्हापूरच्या गादीला दत्तक गेले, मग शाहू."

"म्हणजे जन्माच्या दाखल्यावर यशवंतराव घाटगे आणि पुढं शाहू छत्रपती. नावात फरक, आडनावातपण फरक." ती बोटानं स्क्रीन सरकवत म्हणाली, "त्यांचा अर्ज ह्यांच्याच योजनेतनं परत आला असता."

मी इकडंतिकडं बघितलं. कुणी ऐकत तर नाही ना? पण शेजारचे एक पांढऱ्या टोपीचे आजोबा कान देऊन ऐकतच होते. ते पुढं सरकले. म्हणाले, "पंजाबरावांचं मूळ आडनाव कदम. देशमुख मागनं."

झालं, मग तिघांनाही चेव आला. बडोद्याचे सयाजीराव महाराज आठवले. ते मूळचे नाशिककडच्या कवळाण्याचे, नाव गोपाळराव, शेतकऱ्याच्या घरातले. बडोद्याच्या गादीवर दत्तक गेले आणि सयाजीराव झाले. ह्याच सयाजीरावांनी १९१३ मध्ये बाबासाहेबांना अमेरिकेत कोलंबिया विद्यापीठात शिकायला महिन्याला साडेअकरा पौंडांची शिष्यवृत्ती दिली. आणि बाबासाहेबांचं शाळेतलं नाव? साताऱ्याच्या हायस्कुलाच्या रजिस्टरला ७ नोव्हेंबर १९०० ची नोंद आहे, 'भिवा रामजी आंबेडकर'. घराण्याचं आडनाव तर त्याच्याही आधी वेगळं होतं. ७ नोव्हेंबर हा शाळाप्रवेशाचा दिवस आता राज्यात विद्यार्थी दिवस म्हणून पाळतात.

"देणाऱ्याचं नाव बदललेलं, घेणाऱ्याचं नाव बदललेलं," आजोबा म्हणाले, "आन् मधी एक क्लार्क न्हवता म्हणून काम झालं."

तेवढ्यात आतून पुकारा झाला, "बाळकृष्ण ऊर्फ..." आणि पुकारणारा तिथंच थांबला. त्याला दम लागला असावा. मी गुमान उठलो.

दाखला मिळाला. पण पोरट्यानं तो स्कॅन केला तर फाईल झाली मोठी. पोर्टलावर २५६ केबीच्या वरचा कागद चढत नाही. मी आयुष्यभर किलोत आणि पायलीत काम केलेला माणूस, मला केबीचा हिशेब कळेना. पोरगं म्हणालं, "काका, बारीक करायला लागंल." एवढं मात्र कळलं. म्हटलं कर की, दोन फेऱ्यात होतंय का बघ. त्यानं एकदा बारीक केला, बसला नाही. पुन्हा केला. तिसऱ्या फेरीला दाखला असा रव्याचा मैदा झाला, की तहसीलदारांची सही आणि दाखल्यावरचा अशोकस्तंभ ह्यात फरक राहिला नाही. चढला पण.

आठवड्यानं कॉलेजच्या छाननीतून अर्ज परत. शेरा: 'कागद अस्पष्ट.' पुन्हा स्कॅन, जरा जाडसर दळून. पुन्हा अर्ज. इकडं कॉलेजनं लेकीकडून हमीपत्र लिहून घेतलेलं, की अर्ज मंजूर झाला नाही तर सगळी फी आम्ही भरू. ते हमीपत्र घरात देव्हाऱ्यावर ठेवलं होतं. रोज सकाळी उदबत्ती लावताना आधी त्याच्याकडं नजर जायची.

पंधरा दिवसांनी दुसरा शेरा आला. 'वडिलांच्या नावात तफावत.'

मी पुण्याला गेलो. गिरणी बंद, एसटीचं तिकीट, वर लेकीच्या वसतिगृहासाठी हिनं दिलेला लाडवांचा डबा. छाननीच्या टेबलावरच्या सरांपुढं प्रतिज्ञापत्र ठेवलं. म्हटलं, "सर, पाचही नावं एकाच माणसाची आहेत, हा कागद बघा."

सरांनी चष्मा लावला. पहिल्या पानापासून नीट वाचलं. चांगला माणूस होता तो, खरंच. शेवटच्या पानावर त्यांनी पेन टेकवलं आणि माझ्याकडं फिरवलं. सगळ्यात खाली, 'प्रतिज्ञा करणार' असं लिहून टायपिंगवाल्यानं माझं नाव टाकलं होतं, 'बळासाहेब'.

"हे सहावे कोण?" सर म्हणाले.

मी लिंबाखाली परत गेलो. टायपिंगवाल्यानं जराही न लाजता नवीन कागद लावला. "आता सहा घालूया, म्हंजे मिटलं," म्हणाला. घातले. ह्या वेळी प्रत्येक अक्षर मी बोट ठेवून वाचलं, लेकीनं वाचलं, शेजारच्या चहावाल्यालाही वाचायला लावलं. अर्ज मंजूर झाला. हमीपत्र देव्हाऱ्यावरून खाली आलं आणि त्या दिवशी मी गिरणीवर येणाऱ्या प्रत्येकाला पेढा दिला.

त्याच हिवाळ्यात तलाठी भाऊसाहेबांचं पदनाम बदललं. आता ते ग्राम महसूल अधिकारी. मी मुद्दाम चौकशी केली. त्यांच्याकडं कुणीही, तलाठी आणि ग्राम महसूल अधिकारी ही व्यक्ती एकच असल्याचं प्रतिज्ञापत्र मागितलेलं नाही.

लेक आता पुढच्या वर्षाला गेली. नूतनीकरणाचा अर्ज पुन्हा भरायचा असतो, पण आता माझ्याकडं लॅमिनेशन केलेली फाईल आहे, आणि गावात कुणाच्या पोरीचा नंबर लागला की लोक आधी माझ्याकडं येतात. नाव बघून मी सांगू शकतो, ह्याला किती ऊर्फ लागतील.

परवा गिरणीवर गर्दी होती. डबे ओळीनं मांडलेले. वर्षानुवर्षं मी डब्यावर खडूनं लिहितो, 'वरली आळी म्हातारी', 'मास्तरीण बाजरी', 'बोळातली वहिनी'. त्या दिवशी का कोण जाणे, मला शरम वाटली. म्हातारीनं ज्वारीचा डबा पुढं सरकवला तसा मी खडू हातात घेऊन म्हणालो, "आज्जी, पूर्ण नाव सांगा. आधारकार्डावर हाय तसं."

म्हातारीनं डबा परत ओढून घेतला.

"बाळ्या," ती म्हणाली, "मुकाट दळ."