नसलेल्या दिव्याचं बटण

आमच्या गाडीच्या डॅशबोर्डवर फॉग लॅम्पचं बटण आहे. फॉग लॅम्प नाहीत. ते वरच्या मॉडेलला मिळतात. आमच्या मॉडेलच्या वाट्याला त्यांची नुसती आठवण आली आहे. बटण दाबलं की 'टक्' असा समाधानी आवाज येतो आणि जगात काहीही बदलत नाही.

इंजिनात मात्र काहीही न दाबता बरंच काही घडत असे. चढावर गाडी मध्येच हिसका द्यायची, क्षणभर मिसिंग करायची आणि लगेच आपण त्या गावचेच नाही अशा थाटात पुढे निघायची. शेजारी मेकॅनिक बसला की तिच्याइतकी गुणी गाडी शोधून सापडली नसती. "कुठं काय? मस्त चालतेय की!" असं म्हणून ते माझ्याकडे पाहायचे, तेव्हा तपासणी गाडीची चालली आहे की माझी, हे कळत नसे. इंजिनाचा बिघाड दाखवणारा दिवा पेटत नव्हता, संगणकात बिघाडाचा कोड साठत नव्हता. म्हणजे पुरावा मलाच गोळा करणं आलं.

स्टिअरिंगखाली १६ पिनांचं ओबीडी सॉकेट, म्हणजे गाडीची तब्येत विचारायची खिडकी, असतं. अमेरिकेत १९९६पासूनच्या मोटारींना ते सक्तीचं झालं आणि पुढे इतर देशांतही आलं. आमच्या गाडीत त्याच्या ६ आणि १४ नंबरच्या पिनांवर कॅन बस, म्हणजे गाडीतल्या संगणकांची आपसात बोलायची तार, भेटते आणि तिच्यावरून इंजिनाच्या संगणकाशी बोलता येतं. बोलता येतं म्हणजे काय, तर विचारलं तेवढंच उत्तर, तेही स्वतःच्या पद्धतीने. जुन्या कचेरीतला कारकूनच तो. इंजिनाचे फेरे विचारले की दोन आकडे देतो. पहिल्याला २५६ने गुणायचं, दुसरा मिळवायचा आणि चाराने भागायचं. २६ आणि २४८ असं उत्तर आलं, तर मिनिटाला १७२६ फेरे. पाण्याचं तापमान सांगतो त्यातून ४० वजा करायचे, कारण उणे आकडे सांगण्याची त्याच्याकडे सोय नाही.

हे सगळं लिहून ठेवणारं छोटं यंत्र जोडणं सोपं. पण दिवसभराचे आकडे साठवले, तर त्यातला तो एक हिसका शोधायचा कसा? हिसका बसल्याबरोबर खूण करायला हवी, आणि चढावर, मागच्याचा हॉर्न ऐकत, फोनच्या पडद्यावर बोट नाचवणं मला जमणार नव्हतं. न बघता बोटाला सापडेल असं काहीतरी हवं होतं. असं एक बटण नेमणुकीची वाट बघत समोरच बसलं होतं.

पॅनेल उचकटण्याआधी बॅटरीचं निगेटिव्ह टोक काढून ठेवलं. पिवळ्या आवरणातल्या वायरी एअरबॅगच्या, त्यांना नमस्कार करून लांबूनच जायचं. बटणामागे पाहिलं तर एकही वायर नाही, नुसत्या पिना. मल्टीमीटरची 'पीं' ऐकत दाबल्यावर जुळणाऱ्या दोन पिना शोधल्या. एक अर्थला, दुसरी यंत्राच्या इनपुटला. गाडीचे बारा व्होल्ट मात्र या वाटेने येऊ द्यायचे नाहीत, यंत्राचा जीव तेवढा नसतो. शिवाय १६ नंबरची पिन किल्ली काढल्यावरही जिवंत राहते. तिच्यावर यंत्र सतत चालू ठेवलं तर बॅटरी हळूहळू उतरते, म्हणून वीज किल्लीबरोबर बंद होणाऱ्या फ्यूजवरून घेतली. एक गंमत म्हणजे बटण एकदा दाबलं तरी आतले पत्रे थरथरून अनेकदा जुळतात-सुटतात, आणि यंत्राला वाटतं मालक घाबरलाय. पहिल्या दाबानंतर क्षणभर कानाडोळा कर, असं त्याला प्रोग्रॅममध्येच बजावावं लागतं.

खरी मेख पुढेच. बोट बटणापर्यंत जाईस्तोवर हिसका संपलेला असतो. म्हणून यंत्र मागचे तीस सेकंद कायम ध्यानात ठेवतं आणि त्याआधीचं पुसत जातं. बटण दाबलं की ते तीस आणि पुढचे दहा सेकंद फाइलमध्ये पक्के होतात. म्हणजे घडून गेलेलं नंतर नोंदवता येतं. ही सोय घरातल्या वादांसाठी वापरायची नाही, असं मला घरातून लगेच कळवण्यात आलं.

मेव्हणा गाडी घेऊन गेला, तेव्हा वाटेत धुकं लागलं. त्याने चित्र बघून बटण दाबलं, उजेड पडेना म्हणून पुन्हा पुन्हा दाबलं. परत आल्यावर म्हणाला, "भावजी, तुमचे फॉग लॅम्प गेलेत." त्याच्या धुक्यातल्या प्रवासाची फार तपशीलवार नोंद माझ्याकडे आहे.

अखेर चढावर ती सापडली! पाय पेडलवर स्थिर, पेडलची रेघ सपाट, आणि इंजिनात हवा सोडणाऱ्या थ्रॉटलची रेघ मात्र एकदम खाली कोसळून पुन्हा वर. आलेख छापून गॅरेजात नेला. मेकॅनिकनी तो उलटसुलट पाहिला, मग डॅशबोर्डमध्ये डोकावले.

"बाहेरचं वायरिंग केलंय काय? मग हिसके देणारच ती."

"अहो, हिसके आधीपासून होते. म्हणून तर वायरिंग केलं."

"तेच म्हणतोय मी. वायरिंग केलंय."

मग बॉनेट उघडून त्यांनी थ्रॉटलचा कनेक्टर हलवला. सैल होता. पिना साफ करून तो घट्ट बसवला, आणि बिलावर ठसठशीत अक्षरात लिहिलं : 'जादा बटणामुळे आलेला दोष काढला.'