वहिनीच्या ‘पोयी’ला हसणाऱ्यांसाठी

‘ळ हे अक्षर जगात फक्त मराठीत आहे, संस्कृतातसुद्धा नाही. तो उच्चारायला सर्वांत अवघड आहे. ज्याला ळ म्हणता येत नाही तो अस्सल मराठी नव्हे. आणि रोज ळ घोकला की जिभेचं जडत्व जातं.’ हा मजकूर पुन्हा फिरतोय. एरवी मी असलं काही वाचतही नाही. पण परवा आत्याने तो घरच्या ग्रुपवर टाकला आणि खाली चुलतभावाने लिहिलं, ‘वहिनी, खास तुमच्यासाठी.’ वहिनी जळगावकडची. ती शाळेला शाया म्हणते, पोळीला पोयी. ती काही बोलली नाही, म्हणून मी बोलते.

संस्कृतात ळ नाही? ऋग्वेदाची सुरुवातच ‘अग्निमीळे पुरोहितं’ अशी आहे. दोन स्वरांच्या मध्ये ड आला की ऋग्वेदाच्या शाकल या प्रचलित पाठात त्याचा ळ होतो आणि ढ चा ळ्ह. पुढच्या अभिजात संस्कृतातून हा ळ गेला, एवढं कबूल. पण मग कालिदासाचं नाव घ्यावं, वेदांना कशाला बाहेर काढता?

फक्त मराठीत म्हणे! कन्नडात पावसाला मळे म्हणतात, खेड्याला हळ्ळी. मलयाळमच्या तर नावातच ळ आहे. तमिळ, तेलुगू, ओडिया, कोकणी, राजस्थानी, सगळ्यांकडे तो आहे. गुजरातीची तर गंमतच आहे. त्यांच्याकडेही कालचा दिवस म्हणजे काल आणि समय म्हणजे काळ, अगदी आपल्यासारखं. संस्कृत ‘काल’ म्हणजे समय, त्यातला एकटा ल दोन्ही भाषांत ळ झाला. कालच्या दिवसाचा ‘काल’ आला संस्कृत ‘कल्य’वरून; त्याचं प्राकृतात ‘कल्ल’ झालं आणि तो जोड ल मात्र ल म्हणूनच उरला. म्हणूनच ‘फल’चं फळ झालं, पण ‘फुल्ल’चं फूल. आपण एकट्याने शोधून काढावं असं यात काहीच नाही. नॉर्वेत कुणा कार्लला हाक मारताना र आणि ल मिळून बऱ्याच जणांच्या तोंडून चक्क ळ निघतो. ऑस्ट्रेलियातल्या वार्लपिरी भाषेतही तो आहे. प्रमाण हिंदीत नाही, तिथे टिळकांचे तिलक झाले, हे खरं. पण एका शेजाऱ्याकडे नाही म्हणजे जगात कुणाकडेच नाही, असं कसं?

सर्वांत अवघड वगैरे सोडा. वेल्श लोकांचा एक ल जिभेच्या कडेने नुसती हवा घासून काढावा लागतो. तो म्हणून बघा, मग बोलू.

आता त्या ‘अस्सल’बद्दल. ‘मन वढाय वढाय’ हे आपण शाळेत पाठ केलंय ना? वढाय म्हणजे ओढाळ. बहिणाबाई चौधरी जळगावजवळच्या आसोद्याच्या, आणि त्यांच्या बोलीत ळ चा य होतो. या मजकुराच्या हिशेबाने बहिणाबाई मराठीच नव्हेत! आगरी माणूस डोळ्याला डोला म्हणतो, त्यालाही मग बाहेर काढा. वऱ्हाडातल्या कितीतरी घरांना काढा. बरं, यात जिभेचा आळस नाही, नियम आहे. वहिनीच्या तोंडी शाळेची शाया होते, पण शालीची शाय कधी होत नाही. कुठला ल आणि कुठला ळ हे तिला पक्कं ठाऊक असतं, फक्त ळ च्या जागी ती य ठेवते.

जिभेच्या जडत्वाचं थोडक्यात सांगते. मूल अडखळत बोलत असेल तर त्याला ळ घोकायला लावू नका, वाचा-उपचार करणाऱ्यांकडे न्या.

आणि चुलतभावा, गेल्या होयीला तिच्या हातच्या सात पोया हाणल्यास. तेव्हा कुठे ळ अडला नव्हता तुझा?