तीन भोकांची पत्रिका

हरणाच्या छातीत ज्या जागी गोळी लागली की काम तिथेच संपतं, ती जागा साधारण २० सेंटिमीटर व्यासाची असते. १०० मीटरवरून तेवढ्या जागेत गोळी घालायला दुकानातून आणलेलं कुठलंही बरं काडतूस पुरतं. हे मला ठाऊक आहे, माझ्या बायकोला ठाऊक आहे, हरणालाही बहुधा ठाऊक असावं. तरी शिकारीचा हंगाम तोंडावर आला की मी टेबलावर वजनकाटा मांडून चिमट्याने बंदुकीच्या दारूचा एकेक दाणा उचलत बसलेला असतो. कारण काय, तर माझ्या तीन गोळ्या दीड सेंटिमीटरात पडत नाहीत, अडीच सेंटिमीटरात पडतात.

काडतुसं घरीच भरण्याच्या या दुखण्याची लागण एका साध्या वाक्यातून होते. ‘दुकानातलं काडतूस कुणाच्याही रायफलीत बसावं म्हणून केलेलं असतं, तुझ्या रायफलीसाठी नव्हे.’ मला हे वाक्य गुरुजींनी ऐकवलं. गुरुजी म्हणजे चांदमारीवर शेजारच्या बाकावर कायम बसलेले गृहस्थ. ते स्वतः गोळी क्वचितच मारतात, पण दुसऱ्याने मारलेल्या प्रत्येक गोळीवर त्यांचं मत तयार असतं. वाक्य खोटं नाही, हीच त्यातली मेख.

तत्त्वतः सगळं सोपं आहे. उडालेल्या काडतुसाची पितळी पुंगळी, तिच्या बुडात नवा प्रायमर (दारू पेटवणारी टोपी), पोटात मोजून दारू आणि तोंडात नवी गोळी, एवढे चारच जिन्नस. पण उडालेली पुंगळी फुगलेली असते, तिला साच्यातून दाबून मापावर आणावं लागतं. दाबली की ती लांब होते, म्हणून कापायची. कापली की कडेला धार येते, म्हणून ती आतून-बाहेरून घासायची. साच्यात घालण्यापूर्वी वंगण लावायचं; कमी पडलं तर पुंगळी साच्यात रुतून बसते, जास्त झालं तर तिच्या खांद्याला पोचे पडतात. मग ते वंगण पुसायचं. शिवाय अक्रोडाच्या टरफलांच्या भुशात घालून सगळ्या पुंगळ्या यंत्रात तासन्‌तास घुसळायच्या, म्हणजे त्या लखलखतात. लखलखीत पुंगळीमुळे नेम सुधारतो असं कुणीच म्हणत नाही, पण घुसळतात सगळे.

‘अहो, चांदीची भांडी काळी पडलीत, तीही टाका की त्यात,’ बायको म्हणाली. मी तिला शास्त्रशुद्ध समजावलं, की प्रायमरमध्ये शिशाचं संयुग असतं, ते त्या भुशात उतरतं, तेव्हा खाण्यापिण्याची भांडी त्यात घालणं धोक्याचं. तिने अगदी शांतपणे विचारलं, ‘मग हे यंत्र घरात कशाला आहे?’ यंत्र आता बाहेरच्या शेडमध्ये असतं. त्याच्यासोबत मीही.

पुंगळ्यांतही जाती आहेत. बॉक्सर पद्धतीच्या पुंगळीच्या बुडाला मधोमध एकच भोक असतं, त्यामुळे जुना प्रायमर सुईने ठोकून बाहेर काढता येतो. बर्डन पद्धतीत दोन भोकं, तीही कडेला, म्हणून घरी भरणारे तिच्या वाटेला जात नाहीत. एडवर्ड बॉक्सर इंग्रज, हायरम बर्डन अमेरिकन. बॉक्सरची पद्धत अमेरिकेने उचलली आणि बर्डनची युरोपात पसरली. घरच्यांनी ऐकलं नाही की माणूस बाहेर मोठा होतो, ते असं.

आता दारू. ती ग्रेनमध्ये मोजतात. १ ग्रेन म्हणजे सुमारे ६५ मिलिग्रॅम, आणि आपल्या जुन्या तोळ्यात असे बरोबर १८० ग्रेन बसतात. शिकारीला नेहमी वापरली जाणारी .३० कॅलिबरची एक गोळीही १८० ग्रेनचीच. म्हणजे मी एकदा चाप ओढला की तोळाभर ऐवज गेला. तांब्या-शिशाचा आहे, एवढंच समाधान.

माझा काटा ०.१ ग्रेनपर्यंत दाखवतो. कांडीच्या आकाराच्या दारूचा एक दाणा भरतो जेमतेम ०.०२ ग्रेन. म्हणजे मी श्वास रोखून चिमट्याने जो दाणा घालतो किंवा काढतो, तो काट्याला दिसतच नाही. मला मात्र दिसतो, आणि प्रश्न शेवटी माझ्या मनःशांतीचा आहे. काट्याचा स्वभाव इतका नाजूक, की वाऱ्याच्या झुळकीनेही आकडा नाचतो. त्यामुळे पंखा बंद, खिडक्या बंद, फोन लांब. घामाची धार नाकाच्या शेंड्यावर येऊन थांबते आणि तिचंही वजन किती असेल असा विचार मनात येतो.

इथे एक गोष्ट मात्र थट्टेची नाही. टेबलावर एका वेळी दारूचा एकच डबा. पुस्तकात दिलेल्या कमाल मापाच्या साधारण १० टक्के खालून सुरुवात, आणि गोळी बसवण्याआधी प्रत्येक पुंगळीत बॅटरीचा उजेड टाकून आत बघणं. गुरुजी बाकी वाटेल ते बोलतात, पण या तीन बाबतींत त्यांनी कधी सूट दिलेली नाही.

तर खालून सुरुवात करून ०.३ ग्रेनच्या पायऱ्या चढायच्या आणि प्रत्येक पायरीची तीन काडतुसं भरायची. मग चांदमारी. तीन गोळ्या मारायच्या, नळी गार होईपर्यंत थांबायचं, पुन्हा तीन. थांबण्याच्या त्या वेळात गुरुजींचं बोलणं ऐकण्यावाचून गत्यंतर नसतं, आणि नळी फार सावकाश गार होते.

शेवटी कागद उतरवून आणतात, आणि खरं कर्मकांड सुरू होतं. त्या भोकांकडे गुरुजी पत्रिका पाहावी तसे पाहतात. कुठलं भोक कुठल्या घरात, कुणाची कुणावर दृष्टी. ‘या दोन बघ, एकमेकींना चिकटल्यात. ही रायफलीची खरी जात. तिसरी धरायची नाही.’

‘का?’

‘ती तू मारलीस.’

पहिल्या दोन कुणी मारल्या, असं विचारायची माझी हिंमत होत नाही. ‘४२.८ ला योग आहे,’ असं सांगून ते कागदाला हात जोडायचेच बाकी ठेवतात. पुढच्या वेळी तेच ४२.८ भरून नेलं की तीन भोकं तीन दिशांना. त्यावरही तोडगा असतोच. गोळी पुंगळीत जरा खोल बसव, प्रायमर बदल, दुर्बिणीचे स्क्रू बघ.

माझी मुलगी संख्याशास्त्र शिकते. तिने वहीतले सगळे आकडे पाहिले आणि म्हणाली, ‘बाबा, यात काहीच नाहीये.’ रायफल तीच, काडतूस तेच. तरी पाच गोळ्यांचा घोळका, म्हणजे कागदावर भोकांचा पसारा, तीन गोळ्यांच्या घोळक्यापेक्षा सरासरीने पाव पटीने मोठा निघतो आणि दहांचा दीडपटीहून मोठा. शिवाय तिनाचा घोळका नशिबानेच कधी चिमुकला, कधी अगडबंब होतो. ‘एक काम करा. सगळी काडतुसं एकाच वजनाची भरा, पाच डब्यांवर पाच वेगवेगळे आकडे लिहा आणि मारा. त्यातला एक डबा जिंकणारच. मग गुरुजींना विचारा, का जिंकला.’

हे मी गुरुजींना सांगितलं. ते बराच वेळ गप्प राहिले आणि म्हणाले, ‘मुलीला रायफल चालवता येते का?’

मधल्या काळात मी गोळीचा वेग मोजणारं यंत्रही आणलं. त्यामुळे घोळका लहान झाला नाही, पण चिंता करायला नवा आकडा मिळाला. सेकंदाला ८२० मीटरच्या गोळीत १० मीटरचा फरक पडला तरी १०० मीटरवर ती उतरते जेमतेम २ मिलिमीटर वरखाली. कागदाला पडलेलं भोकच त्याच्या चौपट रुंद असतं. तरीही एका गोळीचा वेग ८२९ आला म्हणून मी जेवलो नव्हतो.

आणि या सगळ्या घोळक्यांचा शिकारीशी संबंध किती? रानात तीन गोळ्यांचा प्रश्नच येत नाही. मारायची ती एकच, तीही थंडगार नळीतून, दम लागलेला असताना, झाडाला टेकून. साफ केलेल्या थंड नळीची पहिली गोळी पुष्कळदा बाकीच्यांपेक्षा वेगळीच कुठेतरी जाते. म्हणजे जी एक गोळी कामाची, तिचीच चाचणी आम्ही सर्वांत कमी घेतो. मुलीचं ऐकून मी आता एकाच कागदावर, दर खेपेला थंड नळीतून पहिली गोळी मारतो आणि तो कागद जपून ठेवतो. भोकं वाढत चालली आहेत, आणि ती सगळी त्या २० सेंटिमीटरात आरामात मावतात. कागद कुणाला दाखवण्यासारखा नाही. गुरुजींनी तो पाहिला आणि नजर फिरवली.

तर एक माप अखेर ठरलं. वहीत लाल शाईने चौकट केली, काडतुसं भरली, आणि दारूचा डबा संपला. त्याच कंपनीचा, त्याच नावाचा नवा डबा आणला. लॉट नंबर वेगळा. पुस्तक स्पष्ट सांगतं, लॉट बदलला की माप पुन्हा कमी करून खालून वर या.

गुरुजींना फोन केला. त्यांच्या आवाजात इतका आनंद मी पूर्वी कधी ऐकला नव्हता. ‘अरे वा! नळी अजून आहे ना शिल्लक? मग उद्या लवकर ये.’