केस गळण्याचं पाप पोरांच्या माथी मारू नका

परवा रात्री उशिरा भाच्यानं मला एक फॉरवर्ड पाठवला आणि खाली एवढंच लिहिलं, ‘मामा, हे खरं आहे का?’ तो २२ वर्षांचा आहे. वर्षभरात कपाळाच्या दोन्ही कडांचे केस मागे सरकलेत. मेसेजात पाच दावे आहेत. टक्कल म्हणजे अंगात टेस्टोस्टेरॉन (पुरुषी संप्रेरक) जास्त. हस्तमैथुनानं डीएचटी (टेस्टोस्टेरॉनपासूनच बनणारं संप्रेरक) वाढतो आणि वीर्यासोबत केसांचं पोषण निघून जातं. जिम आणि क्रिएटिननं (व्यायाम करणारे घेतात ती पूड) केस जातात. टक्कल फक्त आईच्या घराण्यातून येतं. डॉक्टरची गोळी घेतली की माणूस कायमचा नपुंसक होतो. आणि शेवटी हमी: ‘९० दिवस संयम पाळा, गेलेले केस परत येतील.’

सकाळी फोन केला तेव्हा कळलं, पोरगा तीन महिने स्वतःला दोष देत बसलाय. म्हणून हे लिहितोय.

पहिल्या दाव्यात अर्धं खरं आहे, ते मान्य करावंच लागेल. पुरुषी संप्रेरकांशिवाय या प्रकारचं टक्कल पडत नाही. टेस्टोस्टेरॉनपासून त्वचेतच डीएचटी तयार होतो, आणि त्याला संवेदनशील असलेली केसांची मुळं हळूहळू बारीक होत जातात. वर्षानुवर्षं वाढणारा केस काही महिन्यांतच गळतो आणि नवा येतो तो आधीपेक्षा पातळ. पण ‘जास्त’ हा शब्द आला कुठून? टक्कल पडलेल्या आणि दाट केसांच्या पुरुषांच्या रक्तात टेस्टोस्टेरॉन साधारण सारखंच सापडतं. फरक मुळांच्या स्वभावात आहे. एकाच डोक्याला एकच रक्त पुरवठा करतं, तरी टाळू उघडी पडते आणि मानेवरचे केस शाबूत राहतात. तिथले केस उचलून पुढं लावले तरी ते आपला स्वभाव सोडत नाहीत, हे अमेरिकी त्वचारोगतज्ज्ञ नॉर्मन ओरेन्ट्राइख यांनी १९५९ मध्ये मांडलं. केसांचं प्रत्यारोपण त्यावरच उभं आहे. आणि ज्या संप्रेरकानं डोक्यावरचा केस जातो, त्याच संप्रेरकानं दाढी येते. तेव्हा टक्कल हा मर्दानगीचा पुरावा नाही आणि कमीपणाही नाही.

आता दुसरा दावा. माझा खरा राग याच्यावर आहे.

ही कल्पना नवी नाही. मुलांना, स्त्रियांना आणि खच्ची केलेल्या पुरुषांना टक्कल पडत नाही, हे ॲरिस्टॉटलनं सुमारे तेवीसशे वर्षांपूर्वी पाहिलं होतं. निरीक्षण बऱ्याच अंशी बरोबर होतं, निष्कर्ष चुकला. त्यानं टक्कल संभोगाशी जोडलं. संप्रेरकं कुणालाच माहीत नव्हती, त्यामुळं त्याला दोष देता येत नाही. आज तेच पसरवणाऱ्यांना मात्र ही सबब नाही, कारण जेम्स हॅमिल्टन या अमेरिकी शरीररचनाशास्त्रज्ञानं १९४२ मध्येच याचा उलगडा केला होता. वयात येण्याआधीच वृषणं गमावलेल्या पुरुषांना टक्कल पडलं नव्हतं. त्यांना टेस्टोस्टेरॉन दिल्यावर ज्यांच्या घराण्यात टक्कल होतं त्यांचे केस जाऊ लागले. ज्यांच्या घराण्यात नव्हतं, त्यांचे टिकले. म्हणजे लागतात दोन गोष्टी, संप्रेरक आणि आनुवंशिकता. कोण एकटा असताना काय करतो, याचा त्यात कुठंच संबंध नाही.

याच अभ्यासातली पुढची गोष्ट त्या ९० दिवसांच्या हमीचा निकाल लावते. टेस्टोस्टेरॉन थांबवल्यावर त्या पुरुषांचं टक्कल वाढायचं थांबलं, पण गेलेले केस परत आले नाहीत. ज्यांच्या शरीरात संप्रेरक बनवणारा अवयवच नव्हता त्यांचे केस परत आले नाहीत, आणि तीन महिन्यांच्या संयमानं तुमचे येतील म्हणे!

मग ‘मला फरक पडला’ म्हणणारे खोटं बोलतात का? बहुतेक जण नाही. मोठा ताप, शस्त्रक्रिया किंवा जबर ताणानंतर दोन-तीन महिन्यांनी केस भसाभसा गळतात आणि कारण दूर झालं की आपोआप भरतात. हा वेगळा आजार आहे. नेमके तेच महिने कुणी संयमात काढले, की श्रेय संयमाला.

राहिलं ‘पोषण निघून जातं’. एका वेळचं वीर्य दोन ते पाच मिलिलिटर, त्यात बहुतांश पाणी. प्रथिन ग्रॅमभरही नसतं. या हिशेबावर कुणाचं डोकं उघडं पडत नाही. पण असल्या वाक्यानं एखादा पोरगा महिनोन्‌महिने स्वतःच्या शरीराची लाज बाळगतो, डॉक्टरकडे जायला कचरतो आणि ज्या काळात उपचार सगळ्यात उपयोगी पडले असते तो काळ हातचा जातो.

जिमनं केस जात नाहीत. क्रिएटिनचा बोभाटा २००९ मधल्या एका छोट्या अभ्यासावरून झाला. काही रग्बी खेळाडूंच्या रक्तात डीएचटी वाढलेला दिसला, पण त्यात केस कुणी मोजलेच नव्हते. आईकडून येणारं एक महत्त्वाचं जनुक आहे खरं, एक्स गुणसूत्रावरचं. पण बाकीची अनेक जनुकं दोन्हीकडून येतात, तेव्हा आईच्या वडिलांचं डोकं पाहून भविष्य सांगणं बंद करा.

गोळीबद्दल मी सावधपणेच बोलेन. फिनास्टेराइड रक्तातला डीएचटी साधारण ७० टक्क्यांनी खाली आणतं, टेस्टोस्टेरॉन कमी करत नाही. सुरुवातीच्या चाचण्यांत लैंगिक तक्रारी ३.८ टक्के पुरुषांनी सांगितल्या, नुसती बिनऔषधाची गोळी घेतलेल्यांपैकी २.१ टक्क्यांनी. काहींच्या तक्रारी औषध थांबवल्यावरही टिकल्याचं नोंदलं गेलंय, आणि २०२५ मध्ये युरोपीय औषध नियामकानं आत्महत्येचे विचार हा तिचा दुष्परिणाम असल्याचं स्पष्ट केलं. धोका आहे आणि तो डॉक्टरनं समोर बसून सांगायला हवा. ‘प्रत्येक जण कायमचा नपुंसक’ ही मात्र थाप आहे.

भाच्याला एवढंच सांगितलं, की असलेला केस टिकवणं हे गेलेला आणण्यापेक्षा सोपं असतं. त्वचारोगतज्ज्ञांची वेळ घेतली आहे. तो म्हणाला, ‘मामा, तूही चल.’ जाणार आहे.