मर्यादा आणि मागची सीट

दादा, दुचाकीवर मागे बसणाऱ्या बायकांनी हेल्मेट घालावं, दोन्हीकडे पाय टाकून बसावं, असं मी लिहिलं होतं. त्यावरची तुमची प्रतिक्रिया दोनदा वाचली. तुम्ही लिहिलंय, "आमच्या बायका साडी नेसतात, त्या एका बाजूनेच बसणार. मर्यादा असते काही. पारोळ्याहून अमळनेरला जायला मागच्याला हेल्मेट कशाला? आणि दोष नेहमी बायकांचाच का?"

शेवटचं तुमचं बरोबर आहे. "बायका ऐकत नाहीत" असं मी लिहायला नको होतं. घरात हेल्मेट एकच, तेही चालवणाऱ्याचं. मग बाईने ऐकायचं तरी काय?

मर्यादेचं मात्र पटत नाही. माझी आजी नऊवारी लुगडं नेसायची, कासोटा घालून. दोन्हीकडे पाय टाकून बसायला त्या लुगड्याची कधी आडकाठी नव्हती. अडचण गोल साडीची आहे, आपण तिलाच मर्यादा म्हणायला लागलो.

सासऱ्यांच्या नाहीतर दिराच्या मागे बसलेली सून बघा. मधे पिशवी, ती सीटच्या पार टोकाला. त्यांना धरायचं नाही. एक हात डोक्यावरच्या पदराला, दुसऱ्यात पोर. दोन्ही पाय एकीकडे, म्हणजे मांड्यांची पकडही नाही. स्पीडब्रेकरला गाडी उडाली की ती डोक्यावरच पडणार. "लोक काय म्हनतीन" म्हणून आपण तिला असं बसवतो, दादा, याचा मला फार राग येतो.

माझ्या आत्याच्या निऱ्या मागच्या चाकात गेल्या होत्या. गाडी हळू होती म्हणून ती वाचली. आतोबांनी विळ्याने कापून साडी सोडवली. साखळीच्या ग्रीसने काळा झालेला तो तुकडा आत्याने अजून पेटीत ठेवलाय, त्याचा हिरवा काठ तेवढा शाबूत आहे. साडीगार्ड महिनाभर आधीच घरातल्या पोराने गॅरेजमध्ये काढून टाकला होता, गाडी चांगली दिसत नाही म्हणून.

तो गार्ड शोभेचा नाही. १९८९ च्या केंद्रीय मोटार वाहन नियमांतला १२३ वा नियम त्यासाठीच आहे: मागच्याला धरायला पक्की मूठ, पाय ठेवायला फूटरेस्ट, आणि कपडे गुंतू नयेत म्हणून मागचं निदान अर्धं चाक झाकणारं आवरण. हेल्मेटही १९८८ च्या मोटार वाहन कायद्याच्या १२९ व्या कलमाने दोघांनाही लागतं. अंतर कितीही असो.

अंबाड्यावर हेल्मेट बसत नाही हे खरं. अंबाडा मानेशी खाली घातला, नाहीतर वेणी घातली, की बसतं. आणि डोक्यावर हेल्मेट असताना पदर कमरेला खोचला, तर डोकं झाकलेलंच राहिलं ना?

दर मंगळवारी वहिनींना घेऊन अमळनेरच्या मंदिरात मंगळग्रहाच्या दर्शनाला जाता म्हणालात. या मंगळवारच्या आत गाडीला गार्ड आहे का बघा, आयएसआयचं दुसरं हेल्मेट घ्या, वहिनींच्या मापाचं, त्यांना सोबत नेऊन. पिशवी पुढे अडकवा. आणि कसं बसायचं ते त्यांना विचारा, मला नको.